क्रॅडॉकसाहेबांची मेहेरबानी

वर्ना : हे तुझं ऑफिस? कोंबड्यांचं खुराडं बरं याच्यापेक्षा.

वेंडेल : माझं ऑफिस समोर गं, संसदेच्या इमारतीत. तिथून देणग्या मागायला कायद्यानं बंदी आहे. म्हणून रस्ता ओलांडून इथे पक्षाच्या कचेरीत यायचं अन् फोन करायचे. सगळेच खासदार येतात.

वर्ना : सोवळं तिकडे, ओवळं इकडे. छान चाललंय.

टॅबिथा : साहेब, क्रॅडॉकसाहेबांचा नंबर लावतेय. बाईंना बाहेर बसवू का?

वर्ना : ही बाई त्याची थोरली बहीण आहे. ओहायोहून गाडी हाकत आलेय ती बाहेर बसायला नाही.

वेंडेल : बरं, बोल. पण पटकन.

वर्ना : उद्या ते बिल मतदानाला येतंय. क्रॅडॉकच्या कारखान्यांना घाण उपसायला आणखी दहा वर्षांची सूट. तू 'नाही' म्हण. एवढंच.

वेंडेल : इतकं सोपं नसतं.

वर्ना : आपल्या मिलर्स फोर्कच्या विहिरींत शिसं उतरलंय, वेंडेल. शेजारच्या जोसीच्या पोरीच्या रक्तात निघालं. चुरूचुरू बोलायची, आता तोंड उघडत नाही. हे सोपं की अवघड?

वेंडेल : जोसीबद्दल मला मनापासून वाईट—

वर्ना : हे भाषण शाळेच्या हॉलमध्ये ऐकलंय मी. टाळ्याही वाजवल्यात मूर्खासारख्या.

वेंडेल : अगं, उद्या क्रॅडॉकविरुद्ध गेलो, तर पुढच्या निवडणुकीत तो माझ्यासमोर दुसऱ्या कुणालातरी उभं करेल. टीव्हीवर दिवसरात्र जाहिराती. मी घरी बसेन.

वर्ना : बस की. आम्ही घरीच असतो. घरचंच पाणी पितो.

टॅबिथा : साहेब, लागला! घ्या. अन् त्यांच्या कुत्रीचं नाव डचेस, मागच्या आठवड्यात ऑपरेशन झालंय तिचं.

वेंडेल : मिस्टर क्रॅडॉक! आधी सांगा, आमची डचेस कशी आहे?… चालायला लागली? वा! जीव टांगणीला लागला होता माझा.

वर्ना : जोसीच्या पोरीचं नाव काय रे?

वेंडेल : गप्प बस ना! … छे छे, तुम्हाला नाही, सर. बहीण आलीय गावाहून… हो, मिलर्स फोर्कच. जरा तापट आहे… तिच्याशी? आत्ता?

वर्ना : आण इकडे. … वर्ना हॅस्केल बोलतेय. तुमच्या कारखान्याचं शिसं आमच्या विहिरीत आलंय… हसताय काय?… होय, पोरगी चार वर्षांची… काय म्हणालात? खरंच?… अन् खालच्या अंगाचं ब्रायरटन गाव? त्यांनाही तेच पाणी… हं… बरं. थँक यू, सर. … घे, तुला मागतोय.

वेंडेल : हो, सर… सकाळीच बिलात दुरुस्ती मांडतो… माझ्याही मनात अगदी तेच होतं, सर. डचेसला माझ्याकडून एक पापा. (फोन ठेवतो.) बघितलंस? मिलर्स फोर्कला सूट लागू नाही! घाण याच वर्षी उपसणार! मी म्हणत नव्हतो, मी तुमच्याच बाजूचा आहे?

वर्ना : कधी म्हणालास?

टॅबिथा : नशीब काढलंत हो बाई! एवढ्या वर्षांत असं पाहिलं नव्हतं मी.

वर्ना : तुझ्यासाठी बर्फ तुडवत दारोदार मतं मागितली मी. अन् काम झालं ते त्या म्हाताऱ्याची लहर फिरली म्हणून. तू मधे नुसता फोन धरतोस होय रे?

वेंडेल : काम झालं ना? मग तोंड का कडू?

वर्ना : ब्रायरटनचं विचारलं तर म्हणतो, 'आज एकच गाव, बाई.' त्यांची पोरं माणसं नाहीत?

वेंडेल : सगळं एकदम मिळत नसतं.

वर्ना : तुला लाजवायला आले होते मी. अन् आपल्याच विहिरीच्या पाण्यासाठी त्याचे आभार मानून बसले.