कणगीतलं अंडं

चतुराबाई : सोड माझ्या कोंबडीची मान! सिंधे, सोड म्हणते ना, न्हाईतर हा विळा तुझ्या हातावर चालवीन!

सिंधु : चालवा की, जाऊबाई. काल तुमच्या माणसानं सख्ख्या भावाच्या डोळ्यात काठी घातली. आज तुम्ही माझा हात तोडा. सासूबाई असत्या तर ओवाळलं असतं दोघांना.

चतुराबाई : डोळ्यात घातली न्हाई. डोक्यात घालाय गेले, अन् मारोती भावजी वळले.

सिंधु : ऐका! डोक्यात घालाय गेले म्हणं! लातूर जिल्हा झाला म्हणून दवाखाना जवळ तरी आला. उस्मानाबादला नेता नेता मेलाच असता की माझा माणूस!

चतुराबाई : अन् भावजींनी आधी यांच्या छातीवर धोंडा हाणला, ते न्हाई दिसलं? कशापायी हाणला? रोज कणगीतलं अंडं तू उचलून राहिली. माझ्या कोंबडीचं!

सिंधु : तुमच्या? या पिसं झडलेलीचं? दोन साल कणगीत जवारीचा दाणा न्हाई, कोंबड्यांनी काय खाऊन अंडी द्यावी? तरी माझी धडधाकट हाय. अंडं माझंच.

चतुराबाई : मग हिला का धरलं?

सिंधु : बुडाला कुंकू हाय का पुसलं, ते बघून राहिले. तुमचा काय भरवसा.

चतुराबाई : बघ, बघ! हाय ना? सकाळी दोघींनी मिळून लावलं. माझीला तेलात कालवलेलं कुंकू, तुझीला काजळ. अंड्यावर जो डाग, त्याची कोंबडी. कुंकू निघालं तर भावजी जबानीत यांचं नाव घेणार न्हाईत. लेकीच्या डोक्यावर हात ठेवून कबूल केलंस तू.

सिंधु : अन् काजळ निघालं तर दगडोबा भाऊजी खडी फोडाय जेलात. तेबी तुम्हीच कबूल केलंय. दुपारच्या बसनं मी चालले लातूरला. जमादार थांबलाय जबानीला.

चतुराबाई : तुझी जीभ झडो! त्यांना जेल झाली तर मी ही दोन पोरं कुठं घालू?

सिंधु : अन् मी आंधळ्याला घेऊन कुठं जाऊ? ... थांबा! केकाटली! कणगीत केकाटली! अंडं घातलं! तुमची तर माझ्या हातात हाय, जाऊबाई. माझीच निघाली! माझीच!

चतुराबाई : तुझी? ती बघ तुझी, उकिरड्यावर उकरून राहिली.

सिंधु : मग कणगीत कोण हाय?

(कणगीतून तुरेवाली कोंबडी उडून कुडावर जाते. सिंधु आत हात घालून अंडं काढते.)

चतुराबाई : दाखव. फिरव. अजून फिरव.

सिंधु : कुंकू न्हाई.

चतुराबाई : काजळबी न्हाई.

सिंधु : ही तर भामाबाईची कोंबडी. बुद्धवाड्यातली.

चतुराबाई : माय माय माय! त्या दिशी ती भामी कोंबडी कोंबडी करत दारात आली होती...

सिंधु : अन् तुम्ही तिच्या कपाळात धोंडा घातला. आमाला चोर म्हणती का म्हणून.

चतुराबाई : हाव, मी घातला. अन् धोंडा हातात कुणी दिला गं? कुणी दिला?

सिंधु : मी दिला.

चतुराबाई : तेवढ्याला बरं एक झालो आपण. आण ते अंडं इकडं! बोटभर कुंकू लावते, माझा माणूस सुटंल.

सिंधु : हात लावू नका! माझ्या माणसाचा डोळा असा बोटभर कुंकवात बुडवता का?

चतुराबाई : दे म्हणते ना! सटवे, दे!

सिंधु : आई गं! केस सोडा! सोडा, न्हाईतर चावीन मी!

भामाबाई : ओ सिंधुबाई! माझी तुरेवाली इकडं आली काय? बाहेरूनच विचारते. तो हातातला धोंडा खाली ठेवा.

सिंधु : धोंडा न्हाई, भामाबाई. अंडं हाय. तुमचं हाय. आत या.

भामाबाई : आत नगं. कपाळाचे टाके ओले हायत अजून.

सिंधु : तुमची कोंबडी आमच्या कणगीत अंडी घालती. आमी खाल्ली सगळी. खाल्ली अन् एकमेकांच्या जिवावर उठलो.

चतुराबाई : सिंधु, बसची वेळ झाली. भावजींना काय सांगणार तू?

सिंधु : जे झालं ते. काठीचं सांगीन. दोन्ही धोंड्यांचंबी जमादाराला सांगीन.

चतुराबाई : येडी झाली का? मी तर जाईनच, तूबी अडकशील!

सिंधु : अडकू द्या. भामाबाई, घ्या हे. त्या दिशी तुम्ही काय म्हणत होता? आमी बोलूच दिलं न्हाई.

भामाबाई : काय न्हाई, बाई. आमच्याकडं पाणी न्हाई, म्हणून कोंबडी तुमच्या रांजणाखाली पाणी पिती. तर निम्मी अंडी तुमी ठेवा, निम्मी मला द्या, असं करता का, एवढंच विचाराय आले होते.