पाणी मागे सरत असतं

तात्या : ...चौलला धावतपळत जाऊन आलात, तर गेलाच नाहीत असं समजा. रामेश्वराच्या पुष्करणीपाशी अर्धा तास नुसतं बसायचं. फोटो मागाहून.

मैथिली : पण हरिहरेश्वरहून चौल लांब पडतं ना, तात्या?

तात्या : पडू दे की! दिघीला फेरीबोट धरा, आगरदांड्याला उतरा, मुरुडला जेवा. संध्याकाळी रेवदंड्याच्या कोटात, पाण्याकडच्या बाजूला. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, आता घरी उतरणाऱ्यांना शिकवतो. तो मोबाइल ठेवा बघू खाली, त्याला आमच्या गावातलं काय कळतंय!

मैथिली : सुश्रुतला लावतेय. तीनदा लावला, उचलत नाहीये.

तात्या : नवरा काही पळून जात नाही. देवळात असेल, आत रेंज नसते.

मैथिली : साडेनऊलाच मेसेज आलाय त्याचा. दर्शन झालं, प्रदक्षिणेला उतरतो म्हणून.

तात्या : देवळातल्या देवळात ना?

मैथिली : नाही, डोंगराला घालतात ती. समुद्राकडून. माझं डोकं दुखत होतं म्हणून मी राहिले, नाहीतर दोघंही जाणार होतो.

तात्या : काहीतरीच काय! आज पौर्णिमा आहे. सव्वाअकराला भरती, तीही उधाणाची. कागदावर एवढं स्पष्ट लिहून देतो मी, तो वाचायचा कोणी?

मैथिली : वाचूनच गेलाय. कागद त्याच्याकडे आहे, पण मी फोटो काढलाय. हे बघा. "प्रदक्षिणा नऊनंतर. सुरुवातीला पाणी जवळ वाटेल. घाबरू नये, ते मागे सरत असतं. बाराला पूर्ण ओहोटी."

तात्या : शक्य नाही. आणा इकडे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हे गणित आमच्याकडे शेंबड्या पोराला येतं. पंधरा पाऊण सव्वाअकरा. बाराला ओहोटी, म्हणजे इथे भरती सहाची धरलीय. आठ पाऊण सहा. ही अष्टमी आहे.

मैथिली : म्हणजे काय?

तात्या : तुम्ही आधी कधी येणार होतात?

मैथिली : गेल्या शनिवारी. त्याला सुट्टी मिळाली नाही, म्हणून आठवडा पुढे ढकललं. मी फोन केला होता की तुम्हाला.

तात्या : केला होतात. खोलीची तारीख मी बदलली. कागद आधीच लिहून ठेवला होता, चांगल्या अक्षरात. काल तोच तुमच्या हातात दिला.

मैथिली : आठवड्यानं असा काय फरक पडतो?

तात्या : सगळाच पडतो, मुली. अष्टमीला ज्या वेळी ओहोटी, त्याच वेळी पौर्णिमेला भरती.

मैथिली : अहो, साडेदहा वाजून गेले! काहीतरी करा ना!

तात्या : रघूला लावतो. पायऱ्यांच्या तोंडाशीच शहाळी विकतो तो. भरतीच्या वेळी कोणाला खाली उतरू देत नाही, शिव्या घालून माघारी पाठवतो. घाबरू नका. त्यानं पाठवलं असेल परत.

मैथिली : स्पीकरवर टाका.

रघू : (फोनवर) बोला तात्या.

तात्या : रघू, प्रदक्षिणेला कोणी उतरलंय का? चष्मा आहे, पिवळा शर्ट.

रघू : व्हय, येकटाच व्हता. तास झाला.

तात्या : वर आला?

रघू : हिकडनं न्हाय आला. खालच्या पायऱ्या पान्यात गेल्या आता. मला वाटलं, पलीकडनं चढला आसंल.

तात्या : वाटलं काय वाटलं! बघ जाऊन. होडी सांग, पोलिसांना कळव!

रघू : ह्या लाटांत होडी कोन घालनार, तात्या? माझ्या भावाला, धर्माला धाडतो दोर घिऊन, कड्यावरनं. पन झालंय काय?

मैथिली : तुम्ही सगळ्यांना अडवता ना? मग माझ्या नवऱ्याला का नाही अडवलंत?

रघू : अडवला व्हता, ताई. हात धरला त्याचा. म्हनलं, पानी चढतंय, जाऊ नका. तर त्यानं खिशातनं कागद काढून दावला मला.

तात्या : रघू...

रघू : चार वर्सं फळ्यावर तुमचंच अक्षर बघितलंय, तात्या. तुम्ही लिवलंय म्हनल्यावर मी सोडला हात.