शलाकाला बघायला आलेले पाहुणे

मंडळी, ऐका! आज कीर्तनात साधाच प्रश्न विचारतो. ज्या खोट्यानं कुणाचं काही बिघडत नाही, ते बोललं तर चालतं का? — काय हो तात्या, मान कशाला डोलावता? चौदा वर्षांच्या नातवाचं अर्धं तिकीट काढलंत, हे कंडक्टरनं सांगितलंय मला!

तर देवरुखात चंद्रहास साळवी नावाचे गृहस्थ. मिक्सर दुरुस्तीचं दुकान. बायको स्नेहल, आणि एकुलती एक लेक शलाका — वय वर्षं दहा! शलाकाची एक मांजरी, राणी. पोरीला वाटलं, राणीचे फोटो साऱ्या जगानं बघावेत. घेतला आईचा जुना फोन, लागली खातं उघडायला. फोन म्हणाला, जन्मतारीख सांगा. तिनं खरी टाकली. फोन म्हणाला — तेरा वर्षांखालच्यांना प्रवेश नाही!

बघा, फोन शहाणा निघाला! आणि बाप?

"बाबा, हा नाही म्हणतोय!"

चंद्रहास मिक्सरात डोकं घालून बसलेला. "अगं, टाक माझी जन्मतारीख! कोण बघतंय?"

झालं! दहाची पोर एका क्षणात सेहेचाळीसची! पुढचं मात्र तिनं अगदी खरं खरं भरलं हो! विवाहित की अविवाहित? — अविवाहित! आता इथं कशाला खोटं बोलायचं? स्वतःबद्दल लिहा, म्हटल्यावर लिहिलं, 'मी साडेदहा ते पाच शाळेत असते. तळ्याच्या रस्त्यानं एकटीच चालत जाते. मला नाच आवडतो. घरी सगळे माझ्यावर ओरडतात.' आणि फोटो कुणाचा? — मांजरीचा!

फोननं विचार केला, बाई सेहेचाळीसच्या, एकट्या, घरी जाच... सुचवला एक वधूवरांचा गट! गटावर गुलाबाचं चित्र. शलाकाला गुलाब आवडला, दाबलं बटण.

आता लांज्याला होते विश्राम पेडणेकर. वय एक्कावन्न, गुरांच्या दवाखान्यात नोकरी, माणूस सरळ, लग्न तेवढं राहून गेलेलं. शलाकाची माहिती वाचली आणि डोळे पाणावले! 'शिक्षिका दिसतात बिचाऱ्या! घरचा जाच सोसून नाच जपलाय!' लगेच निरोप — "नमस्कार. मी गुरांच्या दवाखान्यात असतो."

शलाका उडालीच! राणी दोन दिवस लंगडत होती ना!

विश्रामरावांनी विचारलं, "रविवारी सकाळी बघायला येऊ का?"

"या ना! बाबा घरी असतात. आई पोहे करते." वर घराचा पत्ता!

अहो, ते विचारतायत नवरीचं, ही सांगतेय मांजरीचं!

रविवारी दारात विश्रामराव — कडक इस्त्रीचा सदरा, हातात नारळ, पेढे, सोबत थोरली बहीण. चंद्रहासनं विचारलं, "कोण पाहिजे?"

"शलाकाबाईंना बघायला आलोय."

तोवर शलाका धावत आली. "आलात? ही घ्या!" — आणि मांजरी ठेवली की पाहुण्यांच्या हातात!

बहिणीनं विचारलं, "ही छोटी कोण?"

"मीच शलाका!"

"विश्राम!!"

"ताई, देवाशपथ! सेहेचाळीस लिहिलंय गं!" विश्रामरावांना दरदरून घाम. स्नेहल पदर तोंडाला लावून हसतेय. चंद्रहास मात्र भडकला. "पत्ता कुणी दिला तुम्हाला?"

विश्रामरावांनी मांजरी हळूच खाली ठेवली. म्हणाले, "साळवी, मी नारळ घेऊन पुढच्या दारानं आलो. पण तुमची लेक कधी निघते, कुठल्या रस्त्यानं जाते, सोबत कुणी नसतं — हे मला तुम्हाला भेटण्याआधी ठाऊक होतं. मला दिसतं, ते सगळ्यांना दिसतं."

स्नेहलनं फोन उघडला. आणखी चार अनोळखी लोकांचे निरोप होते. एकानं लिहिलेलं, 'तळ्यापाशी किती वाजता येतेस?' दुसऱ्यानं, 'गणवेशातला फोटो पाठव. आईला सांगू नकोस.'

मंडळी... हसू तिथंच थांबलं.

शलाका रडवेली झाली. "बाबा, माझं चुकलं?"

चंद्रहासनं तिला जवळ घेतलं. "नाही गं बाळा. त्या फोननं दार लावलं होतं. कडी मी काढली."

ते निरोप घेऊन तो लगोलग पोलीस ठाण्यात गेला. तिथं सगळं नोंदवून झाल्यावर मगच खातं बंद केलं. दुसऱ्या दिवसापासून लेकीला शाळेत सोडायला स्वतः जाऊ लागला. इकडे विश्रामरावांनी राणीच्या पंजातला काटा काढला, पोहे खाल्ले. निघताना बहीण म्हणाली, "आजवर अकरा घरी पोहे खाल्ले, पण असे कुठं नाही मिळाले हो!"

तर मंडळी, आता तुमच्याकडे येतो. आपल्या पोरांचं वय कुणी कुणी वाढवून टाकलंय? करा हात वर! — एकही नाही? वा, वा! सगळे हरिश्चंद्रच!

बरं, पोरांनो, तुम्ही सांगा. कुणाकुणाचं खातं आहे? — अरे बापरे! एक, दोन... सात... अहो, मोजवेना! आणि ती खांबाशेजारी, निळ्या फ्रॉकातली, दोन्ही हात वर करून बसलीय, ती कुणाची?

— अरे विठ्ठला! ही तर माझीच नात!

ऊठ गं बाय, आण तो फोन. मंडळी, तुम्ही नामाचा गजर चालू ठेवा. आधी बुवाच आपल्या घरची कडी लावून येतो!