खिळ्याला टांगलेली किल्ली

ओरडू नका, जावईबापू, घसा बसेल — सराफ चार दिवस गावाला गेलाय, आणि तिजोरीच्या खोलीच्या एवढ्या जाड लोखंडी दाराच्या अलीकडे ऐकायला मी एकटीच. दार मीच ओढलं. हो हो, वाऱ्यानं नाही. तळघरात वारा येतोय कुठून? दागिन्यांचं पोतं बाहेर दिलंत तेव्हाच निघायचं होतं. पण चांदीची ताटं दिसली आणि परत आत वळलात. हावऱ्याला फार ढकलावं लागत नाही!

सकाळी विचारलंत ना, वरच्या दाराची दुसरी किल्ली का नको बरोबर? अहो, चाळीस वर्षं कानस चालवतेय मी. पहिली घासलेली किल्ली कच्ची — ती घरच्या खिळ्याला. कामावर दाराला एकच. धरले गेलो तरी एकच सापडावी.

थोरल्यालाही एकच दिली होती. गेल्या साली. आठवतंय? साबणावर ठसा तुमचा, किल्ली माझी, आत उतरला माझा पोर — आणि कोपऱ्यावरून पोलिसांना फोन कुणी केला? तुम्ही! मेव्हणा तुरुंगात गेला की आमचं किल्ल्यांचं दुकान आयतं तुमचं. पळताना पत्र्यावरून पडला, मान मोडली. आणि मातीला काय रडलात हो! मलाच तुमचे डोळे पुसावे लागले.

कळलं कसं? फोनवाला माझं जुनं गिऱ्हाईक. तुम्ही फोन ठेवलात तोच धावत आला. पोर तेव्हा दारात चपला घालत होता — म्हणजे, निघालाच होता. कोपऱ्यापर्यंत गेला होता म्हणा. हाक… काय? का नाही मारली? तुम्ही मला विचारता? मला वृद्धाश्रमात टाकायला निघाला होता तो! कागद पुढे सरकवून म्हणाला, "आई, इथं अंगठा दाब." ज्या आईनं भरवलं तिला! म्हटलं, धरू देत, दोन वर्षं बसेल आत, डोकं ठिकाणावर येईल. पडेल हे मला काय ठाऊक? पाप तुमचं. मी नुसती गप्प बसले.

हसताय? कोंडलेला माणूस हसतो कधी? दाराच्या जाळीतून काय बघताय? जिन्यावर कोण? छे, तुमची बायको वरच्या दाराशी पहाऱ्याला बसलीय, तिला इथलं काय ऐकू…

पोरी? कधीची उभी आहेस गं तिथं?

अगं, ऐक. भावाचं मला काय कमी दुःख आहे? ते पोतं कशाला उचललंस? ठेव खाली. वर कुठं निघालीस? वरचं दार ओढू नकोस हं, ते आतून किल्लीशिवाय उघडत नाही — किल्ली तुझ्याकडे आहे, माझ्याकडे दुसरी नाही, ती घरी खिळ्याला… बाळे! आई आहे मी तुझी! बाळे!

…

जावईबापू. अहो जावईबापू, गप्प का झालात? ओरडा ना. जरा मोठ्यानं ओरडा.