मारितची लाळ

मारित: नाही डॉक्टर, तोंड उघडणार नाही. खालचे किडलेले सहाच्या सहा दात काढायचे म्हणताय ना? मग आधी माझी लाळ तपासा.

डॉ. लोवग्रेन: मारितबाई, लाळेचं काय घेऊन बसलात? बेकरीत काम करता तुम्ही. दिवसभर दालचिनीचे बन हाताखाली. एखादा तोंडात जातच असणार.

मारित: जात नाही. माझी बहीण इल्वा त्याच भट्टीपाशी असते, येताजाता खाते. तिच्या एका दाताला कीड नाही. माझा मात्र दर हिवाळ्यात नवा दात किडतो. असं का, ते सांगा.

डॉ. लोवग्रेन: ब्रश नीट होत नसेल.

मारित: उमिओ शहरातल्या आधीच्या डॉक्टरांनीही हेच ऐकवलं. वर माझ्या नवऱ्याला, स्तिगला बोलावून सांगितलं, तुमची बायको चोरून गोड खाते. तेव्हापासून तो कपाटं धुंडाळतो. कामावरून आले की माझ्या तोंडाचा वास घेतो. पन्नाशी आली माझी.

डॉ. लोवग्रेन: ...बरं. लाळ सुटायला हे मेण चघळा. गिळू नका, या पेल्यात थुंकत राहा.

(मारित मेण चघळते. डॉक्टर लाळेचा थेंब कागदी पट्टीवर टाकून थांबतात.)

डॉ. लोवग्रेन: पिवळीच राहिली.

मारित: म्हणजे?

डॉ. लोवग्रेन: लाळ चांगली असती तर पट्टी निळी झाली असती. खाल्लं की तोंडात आम्ल तयार होतं, लाळेतले क्षार ते मारतात. तुमच्या लाळेत ते फार कमी आहेत. साधा पाव खाल्लात तरी आंबटपणा रेंगाळतो आणि दात विरत जातात. इल्वाच्या तोंडात तो लवकर ओसरत असणार.

मारित: मी खोटं बोलत नव्हते तर.

डॉ. लोवग्रेन: नव्हतात. मीच आधी तपासायला हवं होतं.

मारित: आता दातांचं काय?

डॉ. लोवग्रेन: चार वाचवू. जास्त फ्लोराइडची पेस्ट देतो. मधल्या वेळचं खाणं बंद, कॉफीबरोबरचंसुद्धा. दोन मात्र गेलेत.

मारित: ते काढा. पण आधी बाहेर बसलेल्या स्तिगला आत बोलवा. त्याला हे तुमच्या तोंडून ऐकू दे.

डॉ. लोवग्रेन: या, स्तिग. तुमच्या बायकोनं चोरून काही खाल्लेलं नाही. त्यांच्या लाळेतच कमतरता आहे.

स्तिग: लाळेत? मला काय माहीत, मारित. ते डॉक्टर म्हणाले होते.

मारित: मीही म्हणत होते.

स्तिग: ...चुकलंच माझं. दात काढताना हात धरून बसू का?

मारित: नको. बाहेर बस.