मनोहरदादांनी काढून टाकलेली केळीची बाग

मंडळी, हातातली कामं टाकून तुम्ही सगळे आलात. मला बोलायला सांगितलंय, पण जमेल असं वाटत नाही. चार दिवसांपूर्वी सकाळी दादांनी कुंपणावरून हाक मारली, "सुलभा, चवळीच्या शेंगा घेऊन जा गो." तासाभरात त्यांची सून धावत आली. दादा ओटीवर बसल्या जागीच गेले होते. मला अजून खरं वाटत नाही.

मंडळी, आज एक गोष्ट सांगायलाच हवी. दादांच्या वेलची केळीत मर रोग आला, तो माझ्यामुळे. लावणीचे मुनवे, म्हणजे केळीच्या बुंध्याशी फुटणारे कोंब, मी आणून दिले होते, चिपळूणकडच्या माझ्या माहेरच्या शेजाऱ्याच्या बागेतून. चांगले टवटवीत दिसत होते.

पुढे खालची पानं पिवळी पडली. बुंधे फाटले. दादांनी एक कापला, आत तांबूस रेघा. कृषी सहाय्यक म्हणाले, "याला औषध नाही. रोग मातीत राहतो, पाण्याबरोबर पुढे जातो."

दादांची बाग वर, आपल्या सगळ्यांच्या बागा तिच्या खाली. त्यांनी त्याच दिवशी पाट अडवला. आपण म्हटलं, "दादा, आजारी तेवढ्याच काढा." त्यांनी सगळी बाग काढली. घड लागलेल्या केळीसुद्धा. तिथेच वाळवून जाळल्या, एक पान बाहेर जाऊ दिलं नाही. बागेच्या तोंडाशी औषधाच्या पाण्याची बादली ठेवली. पाय धुवा, कोयती धुवा. आपण हसलो ना त्यांना?

तुम्ही विचारायचात, "दादा, मुनवे कोणाकडचे?" ते म्हणायचे, "बाहेरचे." एवढंच. मी समोर उभी असायचे.

एकदा मी म्हटलं, "दादा, मी सांगते सगळ्यांना." ते म्हणाले, "आधी त्या बागवाल्याला सांग. तो अजून मुनवे देत असेल."

मी गेले नाही. लाज वाटली.

काल त्या बागवाल्याकडे गेले. त्याने मधल्या काळात आणखी दोन गावांत मुनवे दिलेत. दादा असते तर तिथूनच त्या गावांना निघाले असते.

आपल्या बागांत अजून एकही केळ पिवळी पडलेली नाही. त्या बागा का वाचल्या, हे आता तुम्हाला कळलं. उद्या सकाळी मी त्या दोन गावांत जाणार आहे. कुणी सोबत येणार असेल तर या.

आता उभे राहू या. दादांसाठी दोन मिनिटं शांत राहू या.