रोवणीतला गोप

मी किती साफसुथरी बाई होती, ते सांगते. शिलाई मशीन घ्याची म्हणून आम्ही नवरा-बायको मोहाडीच्या सोनाराकडे माह्या माहेरचा सोन्याचा गोप मोडायले गेलो. धानाच्या रोवणीतही मी तो गळ्यातून काढत नव्हती. सोनारानं तोलला, मशीनपुरता भरला. मी खुश. मंग त्यानं गोप रिठ्याच्या पाण्यात टाकला, ब्रशनं घासला अन् परत तोलला. वजन उतरलं. माही मशीन गेली.

"भाऊ, तुम्ही तं सोनंच धुवून काढलं," मी म्हटलं.

त्यानं वाटी पुढं केली. "बाई, हे सोनं हाय का चिखल, तुम्हीच पाहा."

माह्या नवऱ्यानं वाटीत बोट फिरवलं अन् खिशात हात घातला. "कमी पडते तेवढे मी देतो. चिखल माह्याच धानाच्या बांधीतला हाय."